न विचारलेली साक्ष

एझरा झिराडकर पुस्तक मागून वाचायला घ्यायचा. आधी शेवटची सूची उघडायची, तिच्यात 'बर्मा' शोधायचं, मग 'बॉम्बे', मग 'रेडिओ ऑपरेटर', आणि सगळ्यात शेवटी, आपल्या आडनावाचं, 'झेड'. झेडखाली बहुधा एखादा रशियन सेनापती तेवढा एकटा बसलेला असायचा. मग एझरा पहिल्या पानावर यायचा आणि पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचून काढायचा, कारण सूची करणारी माणसंही आपल्यासारखीच पगारी नोकर, त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा?

१९६५ पासूनच्या नऊ वर्षांत त्याने अशी दोनशे एकोणीस पुस्तकं संपवली. सगळी एकाच विषयाची: अमेरिकन लष्कर आणि अमेरिकेचं गुप्तहेर खातं. पर्ल हार्बर, नॉर्मंडी, पॅसिफिकमधली बेटं, कोरिया, क्युबा, पुढे व्हिएतनाम. कोरियाचं पुस्तकही तो सोडायचा नाही, कारण कोरियात लढलेला कर्नल त्याच्या पाच वर्षं आधी ब्रह्मदेशात असू शकतो आणि दुसऱ्या प्रकरणात त्याला तिथली आठवण येऊ शकते. लंडनच्या हॅरो भागातल्या लायब्ररीतल्या मिस प्रिचर्ड त्याच्यासाठी लांबलांबच्या गावांहून पुस्तकं मागवायच्या. हे इंडियन गृहस्थ निवृत्त लष्करी अधिकारी असावेत, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात एझराने आयुष्यात फायलीपेक्षा जड हत्यार उचललं नव्हतं. मुंबईत तो म्युनिसिपालिटीच्या रेकॉर्ड खात्यात कारकून होता आणि लंडनमध्ये एका विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये. मेट्रोपॉलिटन लाइनने सकाळी जायचं, त्याच लाइनने संध्याकाळी यायचं. असल्या नाकासमोर चालणाऱ्या माणसाला लढायांचं काय पडलं होतं? त्याला त्या हजारो पानांत एकच माणूस शोधायचा होता, आणि तो मेलेला आहे असं कुणीतरी लिहिलेलं सापडायला हवं होतं.

तो माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ सोलोमन. सोलोमन मुंबईच्या एका जहाज कंपनीत वायरलेस ऑपरेटर होता. १९४३ साली त्याचं फ्लोराशी लग्न झालं. ती अठरा वर्षांची होती. लग्नाला सात महिने झाले आणि आसामात तळ ठोकून बसलेल्या अमेरिकनांच्या एका गुप्त तुकडीला वायरलेस जाणणारी, हिंदी बोलणारी माणसं हवी होती म्हणून तो गेला. जपान्यांच्या पाठीमागे जंगलात शिरून बातम्या पाठवणं हे त्या तुकडीचं काम. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये पत्र आलं: बेपत्ता, मृत मानण्यात येत आहे. कुठे, कसा, काही नाही. गुप्त तुकडीतली माणसं गुप्तपणेच नाहीशी होतात.

सरकारला 'मानण्यात येत आहे' चालतं. आम्हा बेने इस्राएल ज्यूंच्या, मोशेच्या धर्मशास्त्राला चालत नाही. नवरा मेल्याची साक्ष मिळेपर्यंत बायको त्याचीच, मग त्याला तीस वर्षं होवोत की साठ. अशा बाईला हिब्रूत जो शब्द आहे त्याचा अर्थ बांधलेली. मुंबईत ह्या बांधण्याचा काच कुणाला फारसा जाणवला नाही. सासू मुलाची वाट बघत होती, तिच्यासमोर दुसऱ्या लग्नाचा विषय काढणार कोण? अठ्ठावन्न साली सासू, दीर आणि फ्लोरा असे तिघं लंडनला आले, हॅरोला दुमजली घर घेतलं, फ्लोरा एका हॉस्पिटलात टेलिफोनवर लागली, तरी तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी, कारण एझराने ती जन्मात कुणाला सांगितली नाही. त्याचं फ्लोरावर प्रेम होतं. भाऊ बेपत्ता झाल्यानंतर दोनेक वर्षांनी कधीतरी ते सुरू झालं आणि मग थांबायचं नावच घेईना. तो तिला 'वहिनी, तुम्ही' म्हणायचा, ती त्याला 'भाऊजी, तुम्ही' म्हणायची, आणि ह्या दोन 'तुम्हीं'च्या मधे सभ्य माणसांचं एक मोठं अंगण होतं. ते ओलांडायचं त्याच्या मनातही आलं नाही. लग्न मात्र त्याने केलं नाही. आईने स्थळं आणून आणून हात टेकले.

पासष्ट साली मँचेस्टरचे गिडियन अष्टमकर मलिद्याच्या कार्यक्रमाला लंडनला आले. पन्नाशीचे, विधुर, तिथल्या हॉस्पिटलच्या औषधविभागात औषधं देणारे. एलियाहू हन्नाबी ह्या प्रेषिताच्या नावाने केलेला गोड पोह्यांचा मलिदा फ्लोराने त्यांच्या ताटात वाढला, दोघं पंधरा मिनिटं बोलले, आणि पुढच्या महिन्यात त्यांनी एझराला रीतसर पत्र लिहून तिला मागणी घातली. मोठं सरळ पत्र होतं. एझराने ते तीनदा वाचलं आणि फ्लोराच्या हातात दिलं. तिने ते वाचून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "भाऊजी, मला जायचंय. तुम्ही रब्बींना विचाराल का?"

चाळीस वर्षांची बाई पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागत होती. एझरा विचारायला गेला.

रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, मूळचे पोलंडचे. युद्धानंतर अशा शेकडो बायकांचे कागद त्यांनी पाहिले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, त्याला मेलेला पाहणारा कुणीतरी आणा. त्या दिवसापासून पुस्तकं सुरू झाली. ती तुकडी गुप्त, तिचे कागद वॉशिंग्टनमध्ये कुलपात, पण युद्ध संपून वीस वर्षं होत आली होती आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या अमेरिकनांना आठवणी लिहायची हुक्की आली होती. एझराला वाटलं, कागदावर येईल तर ते मला सापडेल. कागदातली गोष्ट शोधून काढणं एवढं एकच काम त्याला येत होतं.

दोन वर्षांनी सापडलंही. एका अमेरिकन प्राध्यापकाने ब्रह्मदेशातल्या गुप्त कारवायांवर जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. त्यात तीनशे बाराव्या पानावर लिहिलं होतं की मार्च पंचेचाळीसमध्ये अवकाळी पावसाने फुगलेली नदी ओलांडताना तराफा उलटला आणि 'सॉल नावाचा बॉम्बेचा रेडिओ ऑपरेटर', म्हणजे सोलोमनच, वाहून गेला. एझरा ते पान घेऊन रब्बींकडे गेला, सोबत फ्लोराही होती. रब्बींनी वाचलं आणि मान हलवली. शास्त्र म्हणतं, ज्या पाण्याचा अंत दिसत नाही त्यात बुडालेला माणूस मेला असं धरता येत नाही. तो खाली कुठेतरी काठाला लागला असेल. कुणी प्रेत पाहिलं का? परत येताना बसमध्ये फ्लोरा खिडकीतून बाहेर बघत बसली. एवढंच म्हणाली, की त्याला पोहता येत नव्हतं, पण हे त्या शास्त्राला कोण सांगणार?

हातातोंडाशी आलेला घास गेला. पण एझराने हार मानली नाही. त्या पानाखाली बारीक टिपेत लिहिलं होतं की ही हकीकत सार्जंट एल्मर क्विस्टने लेखकाला सांगितली. एझराने प्राध्यापकाला पत्र लिहिलं, आणि इथेच त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. हयात रेकॉर्ड खात्यात गेलेल्या माणसाने जे केलं असतं तेच त्याने केलं. त्याने सगळी परिस्थिती नीट परिच्छेद पाडून मांडली, विधवा कशी अडकली आहे ते लिहिलं, आणि विनंती केली की सार्जंट क्विस्ट यांनी जे पाहिलं त्याचं प्रतिज्ञापत्र सही-शिक्क्यानिशी मिळावं. शिक्का असलेल्या कागदापुढे जगात कुणाचं काही चालत नाही, ह्यावर त्याची देवाइतकीच श्रद्धा होती.

आठ महिन्यांनी उत्तर आलं. क्विस्ट भला माणूस होता. नेब्रास्कातला शेतकरी. त्याने वकिलासमोर शपथ घेऊन लिहिलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सॉलचं प्रेत सापडलं आणि त्याने ते स्वतःच्या हातांनी पुरलं. खाली लाल शिक्का होता. एझराने कागदासाठी नवी फाइल विकत घेतली आणि ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून रब्बींकडे गेला.

रब्बींनी वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग विचारलं, ह्या माणसाला हे लिहायला कुणी सांगितलं?

"मी," एझरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

मग रब्बींनी त्याला जे समजावलं ते त्याला पुढे कैक वर्षं शब्दन् शब्द आठवत होतं. परधर्माच्या माणसाची साक्ष ह्या बाबतीत चालत नाही. पण बांधलेल्या बायकांची दया येऊन जुन्या पंडितांनी एक दार उघडं ठेवलं आहे. असा माणूस आपणहून, बोलता बोलता, कुणासाठी म्हणून नव्हे तर सहज सांगून गेला की अमका मेला, मी त्याला पुरला, तर ते मात्र चालतं. कारण त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं. विचारून काढलेलं चालत नाही. विचारलं की माणूस समोरच्याला हवं ते सांगतो. आणि दयाळू माणूस तर विधवेसाठी शपथेवर खोटंही बोलेल. "तुम्ही विचारलं नसतं," रब्बी म्हणाले, "आणि त्याने हेच वाक्य शेजाऱ्याला गप्पा मारताना सांगितलं असतं, तर मी तिला मोकळं केलं असतं."

त्यांनी एक महिना मागून घेतला, आणखी दोघा पंडितांना पत्रं लिहिली, काही पळवाट निघते का पाहिली. निघाली नाही. शेवटी त्यांनी एझराला बजावलं की आता त्या माणसाला पुन्हा काही लिहायचं नाही. साधं आभाराचं पत्रसुद्धा नाही. आणि कुणालाही काही विचारायचं नाही. वाचायचं, आणि वाट बघायची.

देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म एझराने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात, दोन प्रतींत केलं होतं. फ्लोराने त्याला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तुम्ही माझ्यासाठीच केलंत, भाऊजी. आणि त्याला कुठे तोंड लपवू असं झालं, कारण रब्बींनी नाही म्हटलं त्या क्षणी त्याच्या छातीत काहीतरी सैल झालं होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच, पण वाटलं होतं. चूक अजाणता झाली हे खरं. पण ती झाल्यावर आपण आतून सुखावलो हेही तितकंच खरं, आणि ते त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही. म्हणून तो अधिक चिकाटीने वाचू लागला. प्रायश्चित्त घेणारा माणूस जसा उपास वाढवत नेतो तशी त्याने पुस्तकं वाढवत नेली.

एकोणसत्तरमध्ये आई गेली. लोकांनी बोलू नये म्हणून फ्लोरा वरच्या मजल्यावर राहायला गेली आणि सोबतीला तिच्या हॉस्पिटलातली एक आयरिश नर्स भाडेकरू ठेवली. एझरा खाली. रविवारी दुपारचं जेवण तेवढं एकत्र, वर तिच्याकडे. गिडियन वर्षातून दोनदा मँचेस्टरहून गाडीने यायचे, पुढच्या खोलीत ताठ बसायचे, जेवायचे, फ्लोराशी हॉस्पिटलातल्या गोष्टी बोलायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. जाताना एझराला विचारायचे, काही लागलं का हाती? जणू काही एझरा मासे धरायला बसला होता. एझरा मान हलवायचा. गिडियन त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या हाताचं वजन एझराला पुढचे दोन-तीन दिवस जाणवायचं.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने कचेऱ्या-कारखान्यांना आठवड्यात तीनच दिवस वीज द्यायचं ठरवलं आणि एझराच्या ऑफिसला सक्तीची सुट्टी पडू लागली. अशाच एका गुरुवारी सकाळी पोस्टाने पार्सल आलं. चेरिंग क्रॉसचा एक जुन्या पुस्तकांचा व्यापारी त्याला अमेरिकन युद्धपुस्तकांच्या याद्या पाठवायचा. महिन्यापूर्वीच्या यादीत सगळ्यात खाली, लोकांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तकांत, त्याला 'क्विस्ट' हे नाव दिसलं होतं. तेच हे पुस्तक. पातळसं, गावातल्या चर्चच्या छापखान्यात छापलेलं, सूची नाही. सार्जंटने युद्धात रोज लिहिलेली डायरी त्याच्या मुलीने जशीच्या तशी छापली होती.

एझरा खिडकीशी बसला. चिखल, जळवा, डब्यातलं डुकराचं मांस, न आलेली पत्रं. एका ठिकाणी होतं की सॉल ते मांस खात नाही, आपला डबा कुणालातरी देऊन टाकतो आणि बिस्किटांवर राहतो. एझराने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. मग एकोणीस मार्चचं पान आलं.

'सकाळी सॉल सापडला. नदीच्या वळणावर झाडाच्या मुळांत अडकला होता. चेहरा तसाच, झोपल्यासारखा. मी आणि टॉमने उंचावर खड्डा खणून पुरला. त्याच्या धर्मात काय म्हणतात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो रोज रात्री झोपताना एक ओळ म्हणायचा, ऐकून ऐकून ती मला पाठ झाली होती, तीच म्हटली.' आणि पुढे, इंग्रजी अक्षरांत, एका शेतकऱ्याच्या स्पेलिंगात, सगळी ओळ लिहिली होती. शेमा. ऐक, हे इस्राएला. कोकणात दोन हजार वर्षं तेलाचे घाणे चालवताना बेने इस्राएल बाकी सगळ्या प्रार्थना विसरले, एवढी एक ओळ विसरले नाहीत. आईने दोघा भावांना एका चटईवर बसवून ती शिकवली होती. परक्या देशातल्या, परक्या धर्माच्या माणसाने ती त्याच्या भावासाठी म्हटली होती, कुणी न सांगता. आणि त्याखालची ओळ होती: 'जनरेटर पुन्हा बंद. पत्रं नाहीत.'

एझरा रडला. खिडकीत बसून, रस्त्यावरचे लोक बघत असताना, एकोणतीस वर्षांचं रडला.

मग त्याने डोळे पुसले आणि पुस्तक कपाटात स्वेटरांखाली ठेवलं.

का ठेवलं ते त्यालाही धड सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं, आज तिची ड्यूटी आहे. दुसऱ्या दिवशी सांगितलं, शुक्रवार आहे, संध्याकाळी शब्बाथ लागेल, त्या पवित्र दिवशी रडवायचं नाही. मग रविवार आला, ती गवारीची भाजी वाढत होती, आणि तो काहीच बोलला नाही. पुढचे दिवस त्याने कारणं शोधणंही सोडलं. वर तिच्या पावलांचा आवाज यायचा. नऊ वर्षं तो ज्या साक्षीसाठी डोळे फोडत होता ती स्वेटरांखाली पडली होती, आणि तिला बाहेर काढलं की ती पावलं मँचेस्टरला जाणार होती. न विचारता आलेली साक्ष खरी असते, पण ती हातात धरून गप्प बसलेल्या माणसाबद्दल शास्त्रात काय लिहिलंय, हे त्याने रब्बींना विचारलं नाही.

अकराव्या दिवशी पुन्हा रविवार होता. नर्स चर्चला गेली होती. फ्लोराने नारळाच्या दुधातली कोंबडी केली होती, पण तिचं लक्ष जेवणात नव्हतं. ताटं उचलताना ती म्हणाली, "भाऊजी, आता पुरे करा ती पुस्तकं. तुमच्या डोळ्यांची वाट लागली, डॉक्टरनेपण सांगितलंय ना? मी आज गिडियनना लेटर लिहिणार आहे. ते साठीला आले. माझ्यासाठी किती थांबतील? दुसरी कुणी बघा म्हणते त्यांना."

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. बसचं तिकीट वाढलं हे सांगावं तसं. एझराने तिच्याकडे पाहिलं. एकोणपन्नास वर्षांची, केस पांढरे, हातात हिरव्या बांगड्या. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. एक पत्र मँचेस्टरला गेलं असतं आणि ती जन्मभर वरच्या मजल्यावर राहिली असती.

तो उठला, खाली गेला, पुस्तक घेऊन वर आला आणि ते पान उघडून तिच्यासमोर ठेवलं.

तिने वाचलं. ओठ हलवत शेमा वाचला, तेव्हा मात्र तिचा हात तोंडावर गेला. मग तिने विचारलं, हे कधी आलं?

"अकरा दिवस झाले," एझरा म्हणाला.

"का, भाऊजी?"

तो टेबलाच्या कडेकडे बघत उभा राहिला, साहेबासमोर पकडलेल्या कारकुनासारखा. फ्लोरा त्याच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा विचारलं नाही. तिला उत्तर मिळालं होतं, आणि कदाचित ते तिला आधीपासून ठाऊक होतं. बायकांना ठाऊक असतं.

इतक्या उशिरा आलेल्या मरणाच्या बातमीला आमच्याकडे सात दिवसांचं सुतक नाही, एकच तास बसायचं असतं. दोघं तिथेच स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. फ्लोराने बांगड्या फोडल्या नाहीत. साबण लावून एकेक हातातून काढल्या आणि बशीत ठेवल्या. एकोणतीस वर्षांच्या वाट बघण्याला शेवटी एक तास मिळाला, तोही जमिनीवर, गॅसच्या शेगडीशेजारी. तास संपल्यावर तिने उठून चहा ठेवला आणि एझराचा कप नेहमीच्या जागी मांडला.

रब्बींनी ते पान दोनदा वाचलं. एकोणीस मार्च पंचेचाळीस, म्हणजे कुणी काही विचारण्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं. चेहरा ओळखलेला. हातांनी पुरलेला. पण त्यांचं बोट शेमावर नाही, त्याखालच्या ओळीवर जाऊन थांबलं. ज्या माणसाला लगेच जनरेटरची आठवण होते, तो कुणासाठी साक्ष देत नाही, ते म्हणाले. तो फक्त आपला दिवस लिहितो. मग त्यांनी फ्लोराकडे वळून सांगितलं की तुझा नवरा मेला आहे, आणि तिच्यासाठी उभे राहिले.

मात्र एक गाठ अजून होती. सोलोमनला मूल नव्हतं. मूल नसताना मेलेल्या माणसाच्या विधवेवर त्याच्या भावाचा पहिला हक्क असतो. शास्त्राने भावाला सांगितलंय की तिच्याशी लग्न कर आणि भावाचं नाव चालव. तसलं लग्न आता कुणी लावत नाही, पण हक्क मोडल्याशिवाय तिला दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून विधी करायचा. पाच जणांसमोर भावाने सांगायचं की मला ही नको. मग तिने वाकून त्याच्या उजव्या पायातला बूट सोडायचा, तो फेकायचा, त्याच्यापुढे जमिनीवर थुंकायचं. वाक्यं हिब्रूत, पण दोघांनाही अर्थ कळत असला पाहिजे, नाहीतर विधी फुकट.

आदल्या आठवड्यात एझराने तिला तिची वाक्यं शिकवली. कागदावर देवनागरीत लिहून दिली, खाली मराठी अर्थ दिला. तिचं पहिलं वाक्य होतं की माझा दीर मला नाही म्हणतो. मग तिने विचारलं, तुमचं वाक्य काय आहे? त्याने तेही लिहिलं आणि अर्थ लिहिताना त्याचं पेन थांबलं नाही.

विधीच्या सकाळी त्याने रब्बींना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. हे वाक्य मनापासून यावं लागतं का? रब्बींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. आपण पासष्टपासून कोणाला पाहत आलो आहोत हे त्यांना बहुधा त्या दिवशी कळलं. ते हलकेच म्हणाले, आपल्या इच्छेने बोलावं लागतं. बाकीचं माझ्या कक्षेत येत नाही.

खोली थंड होती. पाच जण एका बाकावर बसले होते, भिंतीशी गिडियन काळ्या कोटात उभे होते. एझराच्या उजव्या पायात विधीचा चामडी बूट होता, लांब वाद्यांचा, शेकडो पायांनी मऊ झालेला. फ्लोरा त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होती. इतक्या जवळून, इतक्या सरळ, ते कधी एकमेकांसमोर उभे राहिले नव्हते. तिने तिचं वाक्य म्हटलं, न अडखळता. मग सगळ्यांनी एझराकडे पाहिलं.

ज्या माणसाने आयुष्यभर खोट्या कागदावर सही केली नाही, तो आपल्या इच्छेने म्हणाला, हिला घ्यायची माझी इच्छा नाही.

बाकाच्या टोकाला बसलेले पाचवे गृहस्थ फार म्हातारे होते. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. त्यांना ऐकू आलं नव्हतं. रब्बी खाली बघून म्हणाले, मिस्टर झिराडकर, पुन्हा एकदा म्हणावं लागेल. मोठ्याने.

फ्लोराचे डोळे भरून आले होते. ती नजर न हलवता त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा, त्याला कळलं की हिला सगळं माहीत आहे. एझराने श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून, भिंतीशी उभ्या असलेल्या माणसालाही कळेल असं. पाचव्या गृहस्थांनी होकार दिला.

मग फ्लोरा खाली वाकली आणि त्याच्या बुटाची गाठ सोडू लागली.